ओल्या चुन्यावरून गेलेली काठी

माझ्या हातनं असा एकही पूल झाला नाही, की ज्याच्यावर उभं राहून कुणी फोटो काढून घ्यावा. नदीवरचे मोठे पूल बांधणारे लोक वेगळे. त्यांच्या कोनशिला बसतात, पुलांना नावं देतात, उद्घाटनाला मंत्री येतात. आम्ही ओव्हरसियर. वरच्या साहेबानं कागदावर रेघ मारायची आणि आम्ही खाली चिखलात उभं राहून ती दगडात उतरवायची, असा हा धंदा. रस्त्याखालच्या मोऱ्या, ओढ्यावरच्या फरश्या, घाटातले कठडे आणि पायी जाणाऱ्यांसाठी बारकेसे पूल, ही माझी जन्माची कमाई. पण एक गोष्ट छाती पुढं काढून सांगतो. माझी एकही मोरी आजवर वाहून गेलेली नाही. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं भर पावसात गगनबावड्याच्या रस्त्यानं जावं, मोऱ्या तपासाव्यात आणि भिजून घरी यावं.

त्याच रस्त्यावर एका नव्या मोरीत पावसाळ्याच्या तोंडाला एक बुवा मुक्कामाला येऊन बसले होते. "बुवा, उठा, ही पाण्याची वाट आहे," म्हटलं, तर डोळे न उघडता म्हणाले, "पाणी आलं की उठंन. ते अजून आलं न्हाय, तर तुम्ही कशाला आलायसा?" पाणी आलं तेव्हा बुवा रस्त्यावर आणि त्यांचं कांबळं खालच्या गावात. मुरगूडजवळच्या एका शेतकऱ्यानं तर माझ्याशी अर्धा दिवस वाद घातला. पुलाला पायऱ्या नकोत, कारण त्याची म्हैस पायऱ्या चढत नाही. मी म्हटलं, "अहो, हा माणसांचा पूल आहे." तो म्हणाला, "मग म्हशीमागनं काय देव चालतोय? माणूसच चालतोय की!" याला काय उत्तर देणार, कपाळ? पायऱ्या काढून उतार केला. म्हैसही गेली आणि म्हाताऱ्या माणसांचीही सोय झाली.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण मला कुणी विचारलं, की बाबा, तुझ्या सगळ्या पुलांमधला तुझा पूल कुठला, तर मी जुन्या पाटावरच्या त्या एका कमानीकडं बोट दाखवीन. ती बांधली तेव्हा संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आमची कचेरी तीच, खुर्च्या त्याच, पट्टेवालेही तेच. फक्त वरचे साहेब परगावचे यायला लागले होते.

गाव कोल्हापूरहून जोतिबाच्या डोंगराकडं जाताना आडबाजूला लागतं. नाव घेत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि भांडायला खमकी आहेत. गावाच्या कडेनं संस्थानच्या जुन्या काळात खोदलेला कालवा जातो. लोक त्याला नुसतं 'पाट' म्हणतात, पण काम बघितलं तर टोपी काढावी असं. दोन्ही बाजूंना काळ्या घडीव दगडांच्या सरळ उभ्या भिंती, आत उतरलेला माणूस वरून दिसू नये इतकी खोली. ज्या कुणी तो बांधला त्यांनी गाड्यांसाठी एक पूल ठेवला होता, पण तो पार खाली, सरकारी बंगल्याजवळ. पाटाच्या अलीकडं गाव. पलीकडं पुढं केव्हातरी एक वाडी वसली. त्या वाडीला गिरणी, बाजार, शाळा, सगळं अलीकडं. गाडीपुलावरून यायचं तर मोठा वळसा, म्हणून वाडीकरांनी पाटावर दोन ओंडके टाकून साकव केला होता. पाट उन्हाळ्यात बंद असला की साकवाची भीती नव्हती. एरवी खाली काठोकाठ पाणी, आणि तेही चांगलं ओढीचं.

आदल्या पावसाळ्यात त्या साकवावरून सोनाबाई गेली. गिरणीतनं दळण घेऊन ती वाडीकडं परत निघाली होती. डोक्यावर पिठाची पाटी. तिच्या पुढच्या दोघी सुखरूप पलीकडं गेल्या, आणि ती मधे असताना ओंडका फिरला. तिचा नवरा धोंडिबा त्या वेळी घराच्या दारात बसून दोरी वळत होता. त्याचं घर वाडीतलं पाटाला सगळ्यात जवळचं. बायकांचा ओरडा ऐकून तो धावला, पाण्यात उडी टाकली, पण हातात काही आलं नाही. ती सापडली खाली, पाटाचं पाणी अडवायच्या दरवाजाच्या जाळीला.

महिन्याभरात वाडीकर आमच्या कचेरीच्या आवारात येऊन बसले. पुढं धोंडिबा. पन्नाशीचा गडी, तरुणपणी तालमीत मेहनत केलेलं अंग, मान बैलासारखी. बाकीचे आरडाओरडा करत होते आणि हा गप्प. नवे साहेब बाहेर आले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सायेब, दगूड आम्ही वाहतो. माती आम्ही काढतो. पूल तेवढा सरकारनं बांधावा." साहेब परगावचे असले तरी दगडाच्या काळजाचे नव्हते. काम मंजूर झालं आणि माझ्याकडं आलं.

आता कमान म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी गंमत त्यावर आहे. सिमेंट त्या वेळी परमिटवर मिळायचं आणि आमचा बारका पूल त्या रांगेत शेवटून पहिला. तेव्हा चुन्याशिवाय पर्याय नव्हता. भट्टीत चुनखडी भाजायची, भिजवायची, वाळूबरोबर घाणीत घालून बैलाकडून दळून घ्यायची. मग दोन्ही काठांमधे लाकडाचा गोल सांगाडा उभा करायचा. त्याला ढोला म्हणतात. त्या ढोल्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत वर यायचं आणि अगदी मधे शेवटचा दगड, चावीचा, ठोकून बसवायचा. तो बसला की दगड एकमेकांना रेटून उभे राहतात. मग ढोल्याखालच्या पाचरी थोड्या सैल करायच्या, म्हणजे कमान स्वतःचं वजन स्वतः घ्यायला शिकते. हा काळ सगळ्यात नाजूक. चुना सिमेंटसारखा दोन दिवसांत आवळत नाही. वरनं सुकला तरी आत ओलाच असतो. विरजण लावलेलं भांडं कसं, हलवलं की संपलं. तशा कमानीवर मधोमध गप उभं राहिलेलं ओझं चालेल. एका बाजूला जाऊन कुणी नाचायला लागलं, तर ती दुसऱ्या बाजूला फुगते, सांधे उघडतात आणि सगळं खाली येतं.

आमचा गवंडी होता हुसेन मिस्त्री. कोल्हापुरातल्या कितीतरी जुन्या कमानी त्याच्या बापजाद्यांच्या हातच्या. चुना बोटांत चोळून बघायचा आणि घाणीवाल्याला सांगायचा, "अजून दळ. हा भाकरीबरोबर खायचा न्हाय." स्वभावानं तिखट. त्याच्या कामावर कुणी बूट घालून चढलं, तर साहेब असो नाहीतर साहेबाचा साहेब, खाली उतरवायचा.

त्या वर्षी कामासाठी पाट लवकर बंद केला आणि काम सुरू झालं. होळीपर्यंत कमान पुरी होईल असा आमचा हिशेब होता. पण वळवाच्या एका सरीनं भट्टीतली चुनखडी आणि लाकडं दोन्ही भिजवली, आणि सगळं मागं पडलं. वाडीकरांनी शब्दाप्रमाणं दगड वाहिले. बायकांनी पाटातला गाळ काढला. धोंडिबा पहाटेपासून कामावर असायचा, पण जिथं साकव होता त्या जागेवर पाय न ठेवता, बाजूनं फिरून जायचा. मी ते बघत होतो. विचारलं मात्र कधी नाही.

चावीचा दगड बसला, पाचरी सैल केल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडिबा माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"सायेब, परवा काठी उठतीया."

काठी म्हणजे सासनकाठी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आमच्याकडच्या गावागावांतून या काठ्या निघतात. झाडाच्या शेंड्याशी बोलेल असा उंच वेळू, त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, वर निशाण. एक गडी तिचं बूड कमरेच्या शेल्यात घेऊन पेलतो आणि चारी बाजूंनी चौघे वरून आलेले दोर ताणून तिचा तोल धरतात. या दोरांना तोरण्या म्हणतात. हलगी वाजते, गुलाल उडतो, आणि पेलणारा काठी नाचवत नेतो. वाडीची काठी पेलण्याचा मान धोंडिबाच्या घरात. त्यांचा एक नेम होता. काठी एकदा उभी केली की गावाची शीव ओलांडेपर्यंत आडवी करायची नाही, तिचा शेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही.

मी म्हटलं, "उठू दे की. चांगभलं. न्या नेहमीसारखी गाडीपुलावरनं."

"न्हाय. ह्या पुलावरनं न्यायची हाय."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण धोंडिबा चेष्टा करणाऱ्यांतला नव्हता. मी त्याला समजावलं, की आप्पा, चुना ओला आहे, वर भराव पडलेला नाही, कठडे नाहीत. शिवाय साहेब स्वतः येऊन बघेपर्यंत पुलावर कुणी पाय ठेवायचा नाही असा त्यांचा सक्त हुकूम आहे. पुढच्या चैत्रात हवी तेवढी नाचवा.

"पुढच्या चैत्राला काय उपेग?" तो म्हणाला. "ती गेली तवा मी देवाला बोललोय. हितं पूल हुईल, आनि त्येच्यावरनं पैलं पाऊल तुझ्या काठीचं पडंल. तुम्ही वैशाखात पूल खुला करणार. म्हंजे पुढच्या चैत्रापत्तूर सगळा गाव त्येच्यावरनं जाऊन ईल. मग माझ्या बोलण्याला काय अर्थ ऱ्हातोय?"

यात चूक काढायला जागा नव्हती. पूल वर्षभर बंद ठेवा, असं तो म्हणत नव्हता. तसं म्हणाला असता तर मीच त्याला हाकलला असता. पूल बंद राहिला तर पावसाळा आला की पुन्हा तसल्याच ओंडक्यांवरून बायका जाणार होत्या.

तेवढ्यात हुसेन मिस्त्री हातातली थापी घेऊन धावत आला. "नाचवणार? माझ्या कमानीवर? आप्पा, डोकं ठिकाणावर हाय का? मानसं मरतील मानसं! आनि उद्या लोक बोलतील, हुसेनची कमान पडली. कुणी न्हाय म्हणायचा की तुम्ही नाचलासा!"

"मग मी एकटा जातो," धोंडिबा म्हणाला.

"एकट्यानं काठी पेलती व्हय? वारं आलं की काठी खाली आनि तुम्ही बी खाली. पाटात!"

हे बोलून गेल्यावर हुसेनच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते. तो थापी खाली टाकून तसाच निघून गेला. धोंडिबा हलला नाही. शेवटी मी म्हटलं, "आप्पा, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या." हे मी कशाच्या जोरावर म्हटलं ते मलाही माहीत नव्हतं.

दुपारपर्यंत बातमी वाडीभर झाली. वाडीकर पाटाच्या काठावर जमले. आधी त्यांच्यातच दोन तट होते. निम्मे म्हणत होते की गाडीपुलावरून जाऊ, देव काय रागवत नाही. पण त्यांच्यातली एक म्हातारी, जिनं चार आठवडे गाळाच्या पाट्या वाहिल्या होत्या, ती उठून म्हणाली, "सोनीच्या जिवावर पूल आलाय. तिच्या दादल्याचा शबूद मोडून मी त्येच्यावरनं न्हाय जायची. आनि माझी सून बी न्हाय जायची." झालं. वाडी एका बाजूला आणि मी एका बाजूला. "सायेब, तुम्ही फकस्त तोंड फिरवून उभा ऱ्हावा," असं एका तरुण गड्यानं सुचवलं. मी त्याला म्हटलं, "तोंड फिरवायला पगार मिळत नाही मला. एकानं जरी वर पाय ठेवला तर त्याची तंगडी मी स्वतः मोडीन." कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलोय, आवाज काढायला मीही कमी नव्हतो.

मग मी पाटात उतरून कमानीखाली जाऊन उभा राहिलो. धंद्यात माझी एक सवय होती. काही सुचेना की काम खालून बघायचं. वरून सगळंच बरं दिसतं. ढोला, पाचरी, दगडांचे सांधे, सगळं जागेवर होतं. एक माणूस मधून सावकाश चालत गेला तर ही कमान ब्र काढणार नाही, याची मला खात्री होती. खात्री म्हणजे खात्री. माझ्या कमानीला मी ओळखत होतो. नडत होतं ते तोरण्या धरणाऱ्यांचं आणि नाचण्याचं. चौघे दोरवाले, त्यांच्यामागं हलगी, हलगीमागं सगळी वाडी.

पाटाच्या कडेला आमचा दगड उचलायचा खांब अजून उभा होता. लांब लाकडी वासा, आणि त्याला चार दिशांनी ताणलेले चार दोर, लांब लांब खुंट्यांना बांधलेले. असला खांब मी आयुष्यात पन्नास वेळा उभा केला असेल. त्याचे दोर कधी बुडाजवळ बांधत नाहीत. जितके लांब न्यावेत तितका खांब निवांत उभा राहतो. मी त्याच्याकडं बघत राहिलो आणि मलाच माझं हसू आलं. अरे, काठी म्हणजे दुसरं काय? चालणारा खांब! तोरण्या धरणारे पुलावर पाहिजेतच कशाला? एक दोर गावाच्या काठावर, एक वाडीच्या काठावर, आणि उरलेले दोन खाली कोरड्या पाटात, पुलाच्या दोन अंगांना. पुलावर एकटा धोंडिबा.

मी वर येऊन सांगितलं. मग धोंडिबानं विचारलं, "तोरण्या तेवढ्या लांब कुठल्या?"

"मोटेचे नाडे आणा विहिरीवरनं. जोडू."

"नाडा जड हुईल, काठी वाकवंल," तो म्हणाला आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडावर जरा जीव आला. "सोल चालंल. बारीक असतीया." मोटेला दोन दोर असतात, ओझं ओढणारा जाड नाडा, आणि मोटेची सोंड धरणारी बारीक सोल. वाडीतल्या सगळ्या विहिरींवरच्या सोला संध्याकाळपर्यंत गोळा झाल्या.

माझ्या अटी मी ठणकावून सांगितल्या. पुलावर एकच माणूस. पायात काही नाही. नाचायचं नाही, थांबायचं नाही, मी टाकलेल्या फळ्यांवरून मधोमध चालायचं. आणि काठी पुलावर असेपर्यंत हलगी बंद.

शेवटच्या अटीवर हलगीवाला उसळला. "काठी मुक्यानं न्यायची? सायेब, मयत हाय का ते?"

"हलगी वाजली की आप्पांचे पाय ऐकणार नाहीत. तुझ्या हाताचा गुण आहे तो," मी म्हटलं. हे ऐकून तो जरा नरमला.

हुसेन मिस्त्री दुसऱ्या दिवशी कामावर आला तो कुणाशी न बोलता. मी सगळं सांगितल्यावर म्हणाला, "मी ढोल्यावर चढून कमानीला हात लावून ऱ्हाणार. कमान बोलली तर मला पैलं कळंल." गवंड्यांच्या भाषेत कमान बोलते म्हणजे चिरते. मी म्हटलं, "मिस्त्री, पडली तर तुमच्या डोक्यावर पडेल." तो म्हणाला, "मग दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर पडावी?"

काठी उठली त्या दिवशी सकाळपासून वारं होतं. वाडीतून हलगी वाजत काठी पाटाच्या काठापर्यंत आली, आणि तिथं हलगी थांबली. एवढा जमाव, पण निशाणाचं कापड फडफडतंय ते ऐकू येत होतं. सोला बांधल्या. धोंडिबाचा पुतण्या गावाच्या काठावर पुढची सोल धरून उभा. मागची वाडीच्या काठावर. दोघे-दोघे खाली पाटात. मी गावाच्या काठावर, जिथून सगळे मला दिसत होते. खरं सांगतो, कमानीची मला भीती नव्हती. पण आपल्या सांगण्यावरून एक माणूस पाटावर एकटा चाललाय, आणि त्याच पाटात त्याची बायको गेलीय, हे काही माझ्या डोक्यातनं जाईना.

"चला, आप्पा," मी म्हटलं.

त्यानं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. काठी सरळ. "मागचे, सोडत जा. पुढचे, ओढू नका, नुसती ढील काढा," मी खांबावरच्या गड्यांना सांगतो तसा सांगत होतो. धोंडिबा कमानीच्या चढाला लागला. खालून हुसेनचा आवाज आला, "ठीक हाय." आणखी दोन पावलं. "ठीक हाय."

तो अगदी मधे आला आणि वाऱ्याचा झोत आला. काठीचा शेंडा उजवीकडं गेला. पाटातल्या डाव्या बाजूच्या दोघांनी घाबरून सोल जोरानं ओढली, तशी काठी ताडकन डावीकडं आली आणि धोंडिबाचा एक पाय फळीच्या कडेला गेला. बायकांनी किंकाळी फोडली. "ओढू नका!" मी ओरडलो. "डावे, सोडा! उजवे, धरा! नुसती धरा!" कमानीतनं चुन्याची थोडी भुकटी खाली पडलेली मी पाहिली. "मिस्त्री!" हाक मारली. उत्तर नाही. "मिस्त्री!"

"बोलली न्हाय!" खालून आवाज आला. "पावडर हाय नुसती! चला म्हणावं!"

पण धोंडिबा चालेना. काठी सरळ झाली होती, पाय फळीवर परत आला होता, आणि तो तिथंच उभा. मी थांबायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि हा मधोमध उभा. तो खाली बघत नव्हता, वरही बघत नव्हता. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला तिथं उभं राहायचा हक्क होता. मला त्याच्यावर ओरडायचा नव्हता. मग त्यानं एक मोठा श्वास घेतला आणि चालायला लागला. उताराची पावलं टाकत तो गावाच्या काठावर आला, आणि त्याचा पाय मातीला लागला तसा कुणीतरी ओरडलं, "जोतिबाच्या नावानं..." आणि दोन्ही काठांवरून आणि पाटातून एकदम उत्तर आलं, "चांगभलं!"

गुलालाचा असा धुरळा उडाला की मला माझा हात दिसेना. तो गुलाल कमानीच्या सांध्यांत जाऊन बसला. पुढं साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी सगळी कमान हात लावून बघितली, समाधानानं मान हलवली, आणि मग त्या तांबड्या सांध्यांकडं बघून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "गुलाल, सर. यात्रेच्या दिवशी वारं फार होतं." साहेब माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "तुमच्या भागातलं वारं अवघड आहे," आणि पुढं निघाले. चांगला माणूस होता. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली, याची मला आजही हळहळ वाटते.

पण त्या दिवशीचं सांगत होतो. वाडीची पोरं पुलावरून धावत येणार, हे मला माहीत होतं. मी पुलाच्या तोंडाशी आडवा उभा राहिलो आणि हुसेन मिस्त्री पलीकडं थापी उगारून. "शिडीनं! शिडीनं या सगळे!" वाडी पाटात उतरून, शिड्या चढून अलीकडं आली. बायका, म्हातारी माणसं, सगळी. मागं वाडीत कुणी उरलं नाही. हलगीवाल्यानं दाबून ठेवलेला सगळा जोर काढला. काठी आता शिवेकडं आणि तिथून डोंगराकडं निघणार होती.

तेवढ्यात धोंडिबानं पुतण्याला जवळ बोलावलं आणि काठीचं बूड त्याच्या शेल्यात दिलं. "घे. हितनं फुडं तू ने."

पुतण्या गोंधळला. "आप्पा, तुम्ही? डोंगरावर न्हाय यायचं?"

"तू ने म्हटलं की."

काठी निघाली. हलगी, गुलाल, लोक, सगळं गावाच्या रस्त्यानं पुढं गेलं आणि काठावर मी आणि धोंडिबा उरलो. त्यानं उपरण्यानं तोंडावरचा गुलाल पुसला. मग पुलाकडं वळला.

"आप्पा, आता नाही," मी म्हटलं. "तुमचा शब्द झाला पुरा. आता कुणी असो, वैशाखापर्यंत वर पाय ठेवायचा नाही. शिडी आहे की तिकडं."

तो माझ्यासमोर थांबला. त्याच्या आवाजात ना विनवणी होती, ना हट्ट.

"सायेब, ती गिरणीतनं घरला निघालती," तो म्हणाला. "निम्म्या वाटंत ऱ्हायली. तेवढी चालतो."

मी बाजूला झालो.

तो पुलावर चढला. काठी नाही, ओझं नाही. शेतातून घरी जाणारा माणूस चालतो तसा चालत तो मधे गेला, मधून पुढं गेला, कुठं थांबला नाही. खाली ढोल्यावर हुसेन मिस्त्री पुन्हा चढला होता आणि दोन्ही हात कमानीला लावून उभा होता. धोंडिबा पलीकडं उतरला, मागं वळला नाही, आणि पाटाला जवळ असलेल्या त्या पहिल्या घराकडं गेला. वाडीत चिटपाखरू नव्हतं, त्यामुळं दाराची कडी काढल्याचा आवाज मला अलीकडच्या काठावर ऐकू आला.